घोड्याजवळ जाताना बोलत जा

पालकसभेला येणाऱ्या आयांची एक तक्रार आम्ही वीस वर्षे ऐकत आलो आहोत. "मॅडम, घर में चुरचुर बोलती, बाहर गई की गूंगी हो जाती." मुलाबद्दल सांगताना या वाक्यात नुसती काळजी असते. मुलीबद्दल सांगताना काळजीबरोबर थोडे कौतुकही असते. लाजाळू आहे, शरीफ आहे, असा अर्थ घरात लावून झालेला असतो. वर्गात आम्हाला दिसते ते निराळे. पोटात दुखत असले तरी ही मुलगी सांगत नाही. गणित समजले नाही तरी मान हलवते. शेजारणीने पेन घेतला तर परत मागत नाही. याला शराफत म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, आम्ही याला भीती म्हणतो. या भीतीपोटी किती मुलींची शाळा सुटते याचा हिशोब कुणी ठेवत नाही, कारण दाखल्यावर लिहिलेले असते, 'पालकांच्या इच्छेनुसार'.

आज ज्या मुलीबद्दल लिहितो आहोत ती आता दहावीत आहे. तिला आणि तिच्या घरच्यांना विचारून लिहितो आहोत, नाव मात्र देत नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात उर्दू शाळा सातवीला संपते. आठवीला आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात यावे लागते. उर्दू शाळेत पहिल्या तिघींत असणारी ही मुलगी आमच्याकडे आली आणि गप्प झाली. मराठी तिला कळत होते. बाजारात, एस.टी.त ऐकून बोलताही येत होते. पण वर्गात एकदा 'ते पुस्तक'चे 'ती पुस्तक' झाले आणि मागच्या बाकांवर हसू फुटले. (उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे, पोरीचा काय दोष?) दुसऱ्यांदा तसेच झाल्यावर तिने तोंड उघडणेच सोडून दिले. तोंडी परीक्षेला उभी राहिली, हात थरथरू लागले, घाम फुटला, आणि एक शब्द न बोलता खाली बसली. त्यानंतर रोज शाळेच्या वेळी पोट दुखू लागले. दिवाळीनंतर तिचे अब्बू दाखला मागायला आले. मुलगी घरी बसेल, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देईल, असा त्यांचा विचार. अब्बू वाईट गृहस्थ नव्हेत. टेम्पो चालवतात, कष्टाळू आहेत, मुलीचे रोजचे रडणे त्यांना बघवत नव्हते. आम्ही त्यांच्याकडून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतची मुदत मागून घेतली.

यात घोडा आला तो तिच्या नानीमुळे. नानीचे वडील मिरजेला टांगा चालवायचे. नानीचे म्हणणे असे की माणसांना भिणारे पोर काही दिवस जनावराजवळ ठेवून बघावे, जनावर कुणाच्या बोलण्याला हसत नाही. गावापासून तीन किलोमीटरवर एक निवृत्त दफेदार राहतात. ६१ व्या कॅव्हलरीतून निवृत्त झालेले. ही भारतीय फौजेतली खऱ्याखुऱ्या घोड्यांची रेजिमेंट. जुन्या संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३ मध्ये ती उभी राहिली आणि तिचे ठाणे जयपूरला आहे. तिच्यात राजपूत, मराठे आणि राजस्थानातले कायमखानी मुसलमान अशी भरती होते, त्यामुळे आमच्या दफेदारांची अर्धी नोकरी कायमखानी जवानांच्या शेजारच्या खाटेवर गेली. उर्दूमिश्रित हिंदुस्तानी ते झोकात बोलतात. त्यांच्याकडे चार घोडे आहेत आणि हंगामात ते पाचगणीच्या बोर्डिंगमधल्या मुलांना शिकवतात. फीचे विचारले तर म्हणाले, "शनिवार-रविवार सकाळी पागेत दोन तास काम करील. त्यात फिटली."

घरात मात्र घोडे अडले. मुलीचे बडे अब्बा या गोष्टीच्या पूर्ण विरुद्ध. घोडा म्हटले की त्यांना महालक्ष्मीची रेस आणि सट्टा आठवतो. जुगार हराम आहे यात वाद नाही, पण घोड्यावर बसणे म्हणजे जुगार नव्हे. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे, हे मशिदीतल्या मौलानांनीच त्यांना सांगितले तेव्हा तो मुद्दा मिटला. दुसरा मुद्दा 'लडकी की जात'. त्यावर आम्ही चाँदबीबीचे नाव घेतले. अहमदनगरचा किल्ला १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवणारी ही राणी दख्खनी चित्रांत ठिकठिकाणी दिसते ती घोड्यावर बसून, हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेली. आपल्याच मुलुखातली बाई. तिसरा मुद्दा कुणी मोठ्याने बोलले नाही, बायकांत कुजबुजीने आला : मुलीच्या अंगाला काही झाले तर पुढे निकाहाला अडचण. भगिनींनो, याविषयी स्पष्ट लिहिणे बरे. मुली धावतात, सायकल चालवतात, दोरीवरच्या उड्या मारतात, तसेच हे. शंका असेल तर डॉक्टरीणबाईंना विचारावे, शेजारणीला नव्हे.

पहिला महिनाभर दफेदारांनी तिला घोड्यावर बसवलेच नाही. पहिल्या दिवशी अम्मी आणि आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. पागेत एक तपकिरी घोडी बांधलेली. नाव बिजली, वय सतरा, आणि विजेशी आता तिचा काही संबंध उरलेला नव्हता. मुलगी नेहमीच्या सवयीने आवाज न करता, भिंतीच्या कडेने, घोडीच्या मागून पुढे जाऊ लागली. दफेदारांनी तिला जागच्या जागी थांबवले.

"पोरी, मुकाट्याने येऊ नकोस. पुढच्या बाजूने, डाव्या खांद्याकडे ये. आणि बोलत ये."

त्यांनी मग कारण सांगितले. घोडा हे शिकार होणारे जनावर, शिकार करणारे नव्हे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. त्या पट्ट्यातून गुपचूप येणारे कुणीही त्याच्या लेखी वाघच. आधी लाथ, मग चौकशी. म्हणून घोड्याजवळ जाणाऱ्याने आपण कुठे आहोत हे त्याला आवाजाने सांगत राहायचे असते. आवाज मोठा नको, पण असायला हवा.

आमच्या मुलीला हे संकटच होते. काय बोलू, असे तिने डोळ्यांनी विचारले. "काहीही. तिला कुठं समजतंय?" दफेदार म्हणाले. बराच वेळ गेला. मग तिने हलक्या आवाजात उर्दूतले पहाडे म्हणायला सुरुवात केली. दोनचा, तीनचा, चारचा. घोडीचा एक कान तिच्याकडे वळला. घोड्याचे लक्ष कुठे आहे ते कानावरून कळते, हे तिला त्या दिवशी समजले. त्या वर्षात घरच्या चार माणसांखेरीज कुणी तिचे बोलणे इतके लक्ष देऊन ऐकले नसेल. आम्हीही नाही, वर्गात पासष्ट मुले असतात. पुढे कित्येक आठवडे बिजलीने पहाडे ऐकले. दफेदार थट्टेने म्हणतात की घोडी आता तेराचा पाढा चुकत नाही.

महिनाभर काम होते ते खराऱ्याचे, चंदीचे आणि खुरांचे. खरारा मानेपासून सुरू करून पाठीकडे न्यायचा. खूर साफ करायचा तर घोडीच्या शेजारी तोंड शेपटीकडे करून उभे राहायचे, खांद्यावरून हात खाली पायापर्यंत सरकवायचा आणि "उचल" म्हणायचे. घोडी पाय उचलते. मग आकडीने खुरातली माती, खडे काढायचे. टाचेकडून पुढे, मधला मऊ भाग सांभाळून. वाचायला ही साधी गोष्ट आहे. पण मुलगी ३५ किलोची आणि जनावर ४०० किलोच्या आसपास. ओढून ते पाय देणार नाही. नीट सांगितले तर देते. पहिल्या तीन वेळा तिच्या "उचल"मध्ये दम नव्हता, घोडीने दखलही घेतली नाही. चौथ्या वेळी आवाज जरा स्पष्ट निघाला आणि तो भला मोठा पाय तिच्या हातात आला. आमच्या मते तिचे शिक्षण त्या क्षणी सुरू झाले, खोगिरावर बसली तेव्हा नव्हे.

आम्ही शिक्षक मंडळी घाबरट मुलाला धीर द्यायचा म्हणजे "घाबरू नकोस" म्हणतो, आणि थोडे जमले की "शाबास" म्हणतो. दफेदारांच्या तोंडून पहिले वाक्य एकदाही ऐकले नाही. दुसरे क्वचित. ते म्हणायचे, "घाबरलीयस ना? मग श्वास सोड. खांदे खाली. टाच खाली." भीती आहे हे धरूनच चालायचे, आणि भीती असताना हातापायांनी काय करायचे तेवढे सांगायचे. यामागे घोड्याचेही शास्त्र आहे. घाबरलेला स्वार श्वास कोंडतो, गुडघे आवळतो आणि लगाम ओढून धरतो. पायांनी आवळले की घोड्याला वाटते पुढे चल, लगाम ओढला की वाटते थांब. एकाच वेळी दोन हुकूम मिळाल्यावर जनावर गोंधळते, त्याच्या गोंधळाने स्वार आणखी घाबरतो. हा फेरा तोडायचा सोपा उपाय म्हणजे मोठ्याने आकडे म्हणणे, कारण आकडे म्हणताना श्वास कोंडता येत नाही. पुन्हा पहाडे! दफेदार मध्ये उभे, त्यांच्या हातात लांब दोर, बिजली त्यांच्याभोवती गोल फिरते आहे आणि पाठीवर मुलगी पाचाचा पाढा म्हणते आहे, हे दृश्य आमच्या गावाने दोन महिने पाहिले. आधी नुसती चाल. चालीत चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. मग दुडकी, तिच्यात टापांचे दोनच ठोके, आणि त्या ठोक्यांवर खोगिरातून उठायचे, बसायचे. चुकीच्या ठोक्यावर बसले की पाठीचा कणा हिशोब सांगतो.

तिसऱ्या महिन्यात ती पडली. दुडकीत रिकिबीतून पाय सुटला आणि ती डाव्या बाजूला वाळूवर आली. अम्मी कुंपणावरून आत जाणार, तोच दफेदारांनी हात वर करून त्यांना थांबवले. मुलगी आपली आपण उठून बसेपर्यंत त्यांनी तिला उठवले नाही. डोक्याला लागले का, मान दुखते का, हात-पाय हलतात का, सगळे विचारले. डोके आपटले असते तर त्या दिवसाचे काम तिथेच बंद आणि सरळ दवाखाना, हा त्यांचा नियम आहे. डोके आपटले नव्हते, मार कमरेला होता. पडल्याबरोबर पुन्हा घोड्यावर चढवलेच पाहिजे असे पुष्कळ जण मानतात. दफेदारांनी तसे काही केले नाही. "घोडीला हाताने चालवून दम दे," एवढेच म्हणाले. मुलीने लगाम धरून बिजलीला दोन फेऱ्या चालवले. तिसऱ्या फेरीला ती थांबली आणि म्हणाली, "काका, बसू?" मराठीत, आणि कुंपणापर्यंत ऐकू येईल इतक्या आवाजात. अम्मी आमच्याकडे बघून रडू लागल्या. आम्ही त्यांना रुमाल दिला आणि दुसरीकडे पाहिले.

भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आम्ही दोन्ही भाषा शिकवतो आणि हा आमचा आवडीचा विषय आहे. मुलीचे खरे दुखणे मराठीच्या तासाला होते. पागेतली मराठी तिला भेटली ती अशी : लगाम, जीन, तंग, रिकीब, नाल, नालबंद, सवार, दफेदार. यातला कुठला शब्द तिला परका वाटावा? रिकाब आमच्या बोलण्यात रिकाब राहिली, मराठीत रिकीब झाली, एवढाच फरक. खोगीरसुद्धा फारसीतूनच आले. शेकडो वर्षे या मुलुखात घोडदळे वागवली गेली, त्यात मराठे आणि मुसलमान एकाच पागेत राबले, त्यांची बोली अजून पागेत शिल्लक आहे. एका शनिवारी तिने वहीत दोन रकाने केले, एकीकडे पागेतला मराठी शब्द, दुसरीकडे उर्दू. पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि विचारले, "मॅडम, मोतद्दार पण आपलाच शब्द आहे का?" 'आपला' म्हणजे उर्दूतला की मराठीतला, हे आम्ही विचारले नाही.

आता कुणाला वाटेल की ती मुलगी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली असेल. नाही आली. स्टेजवर जायला तिला आजही आवडत नाही, आणि सगळ्यांनीच स्टेजवर जावे असे कुठे आहे? झाले ते इतकेच. पोट दुखणे हळूहळू थांबले. नववीत तोंडी परीक्षेला तिने खूर कसा साफ करतात ते पाच मिनिटे सांगितले. 'ती खूर' म्हणाली, मागे कुणी हसले, ती थांबली, 'तो खूर' म्हणून पुढे गेली. हात त्या दिवशीही थरथरत होते, आम्ही पाहत होतो. जूनमध्ये अब्बू दाखल्याचे पुन्हा बोलले तेव्हा त्यांना नाही म्हणणारी तीच होती. आम्हाला मध्ये पडावे लागले नाही. सगळे श्रेय घोडीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. वर्गातल्या हसणाऱ्यांना आम्हीही समज दिली होती, वयही एका वर्षाने वाढले होते. आणि ज्या मुलाला भीतीचे झटके येतात, झोप-जेवण सुटते, त्याला आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे. घोडा त्यानंतर.

घोड्याच्या पाठीवर काय घडू शकते याचे मोठे उदाहरण जगाला ठाऊक आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय अधू राहिले, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाज या प्रकारात रौप्यपदक मिळवले, आणि १९५६ मध्ये पुन्हा. या खेळात बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. आपल्याकडे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण आले, त्या चौघांत दोन मुली होत्या. बंगळूरच्या फवाद मिर्झा यांचे नाव तर आमच्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांना दोन रौप्यपदके मिळाली आणि टोकियो ऑलिंपिकमध्येही ते उतरले.

ज्यांना आपल्या मुलाला पाठवायचे आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी इथे पर्यटकांना घोड्यावर फेरी मारून आणतात तिला शिकणे म्हणत नाहीत. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो आणि मुलाच्या हातात मोबाइल. वरातीचा घोडा चालवणाऱ्याकडेही नको, त्याचा घोडा बँडला सरावलेला असतो, शिकाऊ मुलाला नव्हे. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे, पुण्याच्या आसपासही शिकवणाऱ्या जागा आहेत. पण शहरातल्या क्लबांची फी साध्या घराला जड जाते. लहान गावात निवृत्त फौजी किंवा पोलिसांच्या घोडदळातला कुणी भेटतो का पाहावे. जागा पाहायला जाल तेव्हा आधी घोडे पाहा. बरगड्या दिसतात का, पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का, माणूस जवळ गेला की कान मागे पाडतात का. जनावराशी वाईट वागणारा तुमच्या मुलाशी चांगला वागेल ही आशा धरू नका. पहिल्याच दिवशी दुडकीवर नेणाऱ्याकडून परत या.

हेल्मेट हवेच, स्कूटरचे नव्हे, स्वारीचे. आणि एकदा जोरात आपटले की ते टाकून द्यायचे, बाहेरून चांगले दिसले तरी. पायात थोड्या टाचेचा बंद बूट, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो. चप्पल, सँडल मुळीच नाही. मुलींची ओढणी घरी ठेवावी, ती कुठेही अडकते. डोके झाकायचे असेल तर पातळ कापडाचा अंगाला चिकटून बसणारा स्कार्फ हेल्मेटच्या आत घालता येतो, फक्त पिना लावू नयेत. आमची मुलगी सलवार घोट्यापाशी इलॅस्टिकने बांधते, वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, दोन्ही बाजूंनी चिरलेला. तंग आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून चार पावले चालवून तंग पुन्हा तपासायचा. शिकवणारे पुरुष असतील तर घरचे कुणी मोठे माणूस मैदानावर असावे, हे आमचे मत. पण कुंपणाबाहेर, आणि गप्प. तिथून सूचना देणाऱ्या आयांना दफेदार घोड्याची चंदी मोजायला पाठवून देतात.

सध्या अडचण वेगळीच आहे. दहावीचे जादा तास आमच्या शाळेने शनिवारी सकाळी ठेवले आहेत, आणि पागेची वेळही तीच. मुलीने आम्हाला येऊन सांगितले की भूमितीचा तास नऊनंतर घेतला तर तिला दोन्ही जमेल, वर्गातल्या आणखी चार जणींना विचारून आली आहे, त्यांची हरकत नाही. मुख्याध्यापकांकडे अर्ज गेला आहे. सही तिचीच पहिली आहे.